टांगत्या मल्लखांबाचं ब्रॅकेट

ब्रॅकेट टेबलावर आलं तेव्हा त्याला अजून एरंडेल तेलाचा वास येत होता.

शलाका बिरनाळेनं प्लॅस्टिकची पिशवी उघडली आणि ती तशीच उभी राहिली. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या तपासणी प्रयोगशाळेत रोज तुटकी लोखंडं येत. ट्रॅक्टरचे हूक, छतावरच्या सौर तक्त्यांचे पाय, लिफ्टच्या पट्ट्या. त्यांना ग्रीसचा वास असे, गंजाचा असे, कधी जळक्या रबराचा. एरंडेलाचा वास मात्र तिला एकाच जागेचा माहीत होता. मिरजेला आरवाडे सरांच्या व्यायामशाळेत मल्लखांबाला एरंडेल चोळत, आणि ते तेल मुलांच्या हातांतून, कपड्यांतून, दप्तरांतून घरोघर जाई. संध्याकाळी शलाका घरी आली की आई तिला उंबऱ्यातच अडवायची.

"तेलाची बाटली आली बघा! कशाला हात लावू नकोस, आधी मोरीत जा."

या गोष्टीला आता पंचवीस-तीस वर्षं झाली होती. आई नव्हती, ती मोरीही नव्हती. वास तेवढा तोच होता.

टांगता मल्लखांब ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगायला हवं. जमिनीत पुरलेला उंच मल्लखांब सगळ्यांना ठाऊक असतो. टांगता त्याचा धाकटा भाऊ. मांडीएवढ्या जाडीचा, बुटका लाकडी खांब साखळीनं वर आढ्याला टांगलेला असतो. त्यावर चढलं की तो झुलतो आणि स्वतःभोवती फिरतोही. त्या फिरत्या लाकडावर तोल सांभाळत आसनं करायची. साखळी ज्या लोखंडी हाताला अडकवतात ते हे ब्रॅकेट. ते वर गर्डरला वेल्डिंगनं जोडलेलं होतं. दीड महिन्यापूर्वी सकाळच्या सरावात ते मोडलं. खांबावर आर्वी माने नावाची अकरा वर्षांची मुलगी होती. ती गादीवर पडली म्हणून मनगटावर निभावलं.

त्या दिवसापासून व्यायामशाळेला कुलूप होतं, आणि तपासणीचा अहवाल लागेपर्यंत ते निघणार नव्हतं.

"सोपी केस आहे, मॅडम," प्रयोगशाळेचा प्रमुख निखिल गुरव म्हणाला. तो शलाकापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान होता आणि कामाला हुशार. "एक्स-रेत जोडामध्ये छिद्र दिसतंय. वेल्डिंग करणारा दस्तगीर मुलाणी, वय एकोणऐंशी. तो स्वतःच म्हणतोय, माझं काम, माझा दोष. लिहून द्यायलाही तयार आहे. आज बंद करून टाका."

"दस्तगीरचाचा असं म्हणाले?"

"ओळखता तुम्ही?"

"मिरजेत कोण ओळखत नाही त्यांना?" शलाका म्हणाली. "निम्म्या गावाच्या खिडक्यांचे गज त्यांनी लावलेत."

"मग काय! म्हाताऱ्याचं दुकान बंद होऊन दहा वर्षं झाली. त्याचं काही जाणार नाही. उलट व्यायामशाळा उद्या सुरू होईल."

 शलाकानं ब्रॅकेट उचललं आणि मागोव्याच्या खोलीत नेलं.

मागोवा हे त्या यंत्राचं नाव. ते काय करतं हे समजून घ्यायला एक साधी तार पुरते. तार हातात धरून एकाच जागी पुढे-मागे वाकवत राहा. पहिल्यांदा सहज वाकते, मग कडक होत जाते, शेवटी कट्कन तुटते. वास्तविक कुठल्याही एका वेळी तुम्ही तुटण्याइतका जोर लावलेला नसतो. मग ती तुटते का?

शाळेच्या मैदानावर कवायतीला मुलं रांगांत उभी आहेत असं समजा. एका रांगेत एक मूल कमी आहे, तिथे मोकळी जागा आहे. बाजूनं धक्का दिला की शेजारचं मूल त्या जागेत सरकतं, मोकळी जागा पुढे जाते. लोखंडातले अणू असेच रांगांत असतात आणि त्यांच्यातही अशा चुकलेल्या जागा असतात. लोखंडावर भार आला की त्या सरकतात. भार गेला तरी सगळ्या परत जात नाहीत. काही एकमेकींत अडकतात, त्यांचा गुंता होतो. हजारदा, लाखदा भार आला की गुंता इतका घट्ट होतो की एखाद्या नाजूक ठिकाणी केसाहून बारीक चीर पडते. पुढचा प्रत्येक भार ती चीर किंचित वाढवतो. लोखंड थकतं म्हणतात ते हेच.

हे सगळं जुनंच ज्ञान. नवं कळलं ते एवढंच, की हा गुंता कसाही होत नाही. कुठली गाठ आधी पडली आणि कुठली नंतर, हे तिच्या ठेवणीवरून ओळखता येतं. विणलेला स्वेटर टोक धरून उसवावा तसा तो गुंता संगणकावर उलटा उसवता येतो. मागोवा यंत्र अतिशय तीव्र क्ष-किरणांनी धातूच्या आतला गुंता पाहतं आणि उसवत मागे जातं. या लोखंडावर कधी, किती भार आला, कुठल्या लयीत आला, ते कुठे तापलं, किती वेळात निवलं, सगळं.

यंत्र आल्यावर पहिली एक-दोन वर्षं लोकांना नवल वाटलं. मग धास्ती वाटू लागली. पुलाचा कठडा, मांडवाचा खांब, बसची सीट, सगळेच साक्षीदार झाले. कोण गाडीत किती माल भरायचा हे गाडीचे पाटे सांगू लागले. मग कायदा आला. प्रत्येक तुटीच्या अहवालात दोष कुणाचा ते नावानिशी लिहायचं, किती टक्के तेही. ज्याच्या नावावर सर्वांत जास्त दोष, त्याला त्या जागी तीन वर्षं काम करायला बंदी. "अपघात" हा शब्द अहवालांतून हळूहळू गेला. लहान मुलांनी बशी फोडली तरी शेजारी हसत म्हणायचे, "टक्के काढा रे!"

शलाकानं ब्रॅकेट यंत्रात बसवलं आणि अगदी सुरुवातीपासून मागोवा घ्यायचं ठरवलं. गुरव म्हणत होता तसं जोडाच्या छिद्रापाशी थांबता आलं असतं.

सुरुवात झाली ती उष्णतेपासून. चाळीस वर्षांपूर्वीचं वेल्डिंग. जाड, जरा कडक जातीचा पाटा. तो वेल्डिंगच्या आधी सगळा तापवून घेतलेला होता, आणि नंतर फार सावकाश निवलेला. राखेत पुरून ठेवला असावा. घाई कुठेच नव्हती. छिद्र होतं, पण मोहरीच्या दाण्याएवढं, आणि त्याच्या भोवती चाळीस वर्षांत एक चीर नव्हती.

मग मुलं आली.

पडद्यावर ती फक्त रेघ होती, वर-खाली होणारी. पण शलाकाला ती वाचता येत होती. हे वजन कमी, ही लहान मुलांची तुकडी. हा भार एकदम आला, कुणीतरी उडी मारून खांब धरलाय. मग लांब, शांत झोके, हे एखादं आसन स्थिर झालं. मध्ये एक मोठा, ढिम्म भार, बराच वेळ. शलाका एकटीच हसली. हे सर. मुलं गेल्यावर सर स्वतः टांगत्यावर चढून बसत आणि तिथूनच रेडिओवरचं क्रिकेट ऐकत. त्यांच्या पत्नी, उज्ज्वलाकाकू, खालून ओरडायच्या, "उतरा आता! पोरं बरी तुमच्यापेक्षा!"

आणि मग तिला ती लय दिसली. दोन छोटे झोके, थांबणं, पुन्हा एक छोटा झोका, आणि मग चढाई. सर तिला नेहमी म्हणायचे, "बिरनाळे, देवाला जातीयस का चढायला? नमस्कार किती करशील?" तिला भीती वाटायची म्हणून ती खांब आधी हलवून बघायची. हे तिनं कुणालाही कधी सांगितलं नव्हतं. आणि इथे ते होतं. आठवड्यामागून आठवडे, वर्षामागून वर्षं. लोखंडानं जपून ठेवलेली एक घाबरट मुलगी. वजन वाढत गेलं, झोके कमी झाले. मग ती लय संपली. शलाका कॉलेजला पुण्याला गेली होती.

खुर्चीत मागे टेकून तिनं डोळे पुसले. मग पुढे पाहिलं.

ती गेल्यानंतर काही वर्षांनी ब्रॅकेटवर पुन्हा एकदा उष्णता आली होती. जोडावर नव्हे, त्याला लागूनच, लोखंडी हाताच्या वळणावर, जिथे सगळ्यांत जास्त ताण येतो. छोटीशी, टिकलीएवढी जागा. एका क्षणात तापलेली, एका क्षणात निवलेली.

शलाकानं रंग खरवडला. रंगाचे थर एकावर एक होते. दर दसऱ्याला सगळी साधनं हिरव्या ऑइल पेंटनं रंगवायची व्यायामशाळेची पद्धत होती. त्या थरांनी माखून लोखंडाशी एकजीव झालेली एक लहान कडी मोकळी झाली, बोटात जाईल एवढी. आणि कडीच्या टाक्याखालून चीर सुरू झाली होती.

विस्तवातून काढलेलं पातं लोहार पाण्यात बुडवतो तेव्हा ते कडक होतं, पण ठिसूळही होतं. जाड, थंड लोखंडाला इवलासा वेल्डिंगचा टाका मारला तर पाण्याचीही गरज नसते. भोवतालचं थंड लोखंडच ती उष्णता शोषून घेतं आणि टिकलीएवढी जागा काचेसारखी होते. तिथे पडलेली चीर मुलांच्या प्रत्येक झोक्याबरोबर वाढत गेली, आणि प्रत्येक दसऱ्याला रंगाखाली झाकली गेली.

दस्तगीरचाचांनी हा टाका कधीच मारला नसता. मग कुणी?

दुपारी ती मिरजेला गेली. आरवाडे सर व्यायामशाळेच्या पायरीवर बसले होते. पंच्याहत्तरीतही पाठ ताठ. मागे दाराला कुलूप.

"बिरनाळे! अगं, किती वाळलीस! खातेस की नाही?"

"खाते सर. सर, त्या ब्रॅकेटला एक कडी होती. कशाची?"

सरांचा चेहरा खुलला. "कडी? तुला दिसली? अगं, ती उज्ज्वलाची! खंडेनवमीला साधनांची पूजा असायची, आठवतंय ना? टांगत्याला झेंडूची माळ वरपासून सोडायची. ती स्टुलावर चढून तारेनं बांधायची. तू गेलीस त्यानंतर तिचे गुडघे दुखायला लागले. चढवेना. मला करू देईना, म्हणे तुम्ही वाकडी बांधता. मग एकदा फाटकाचं काम करायला ग्रिलवाला आला होता. दस्तगीर लेकीकडे गेला होता गुलबर्ग्याला. मी त्या ग्रिलवाल्याला म्हटलं, वर एवढी कडी चिकटव की रे, एक टाका मार. झालं! मग ती खालूनच काठीनं माळ अडकवायची. काय खूश झाली होती! शेवटच्या दसऱ्यापर्यंत तिनंच लावली माळ."

ते हसत होते. शलाकाला वाटलं, इथून उठावं आणि निघून जावं. गुरवचा अहवाल तयार होता. छिद्र, दस्तगीर मुलाणी, शंभर टक्के. उद्या कुलूप निघालं असतं. सर पुन्हा चाळीस मुलांच्या मध्ये उभे राहिले असते. पत्नी गेल्यापासून त्यांना दुसरं काहीच नव्हतं.

"सर, दस्तगीरचाचा कसे आहेत?"

सरांचं हसू मावळलं. "घरातून बाहेर पडत नाही. दोनदा गेलो. सुनेनं सांगितलं, झोपलेत. तो कधी दुपारी झोपत नाही, मला माहीत नाही का? परवा नातवाकरवी निरोप धाडला, मास्तरला म्हणावं, मला तोंड दाखवायला जागा नाही. पोरीचा हात माझ्यामुळं मोडला." ते थांबले. "मीही मनात म्हटलं, म्हातारपणी नजर कमी झाली असेल. पण तेव्हा तर तो ऐन उमेदीत होता गं."

शलाकानं पायरीवरची धूळ बोटानं सारखी केली.

"त्यांचा जोड तुटलेला नाही, सर."

"मग?"

तिनं नजर खाली वळवली. आयुष्यभर मुलांचे चेहरे वाचलेला माणूस तो. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग वर, बंद दाराच्या दिशेनं.  रस्त्यावरून भाजीची गाडी गेली.

"कडी," ते म्हणाले.

"हो सर."

"एवढीशी होती गं ती."

"एवढीशी होती म्हणूनच."

"नीट सांग. मला समजलं पाहिजे." आवाज तोच, वर्गातला. "पहिल्यापासून सांग."

मग तिनं सांगितलं. थंड लोखंड, टिकलीएवढी ठिसूळ जागा, रंगाखालची चीर. त्यांनी मध्ये दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. शेवटी म्हणाले, "म्हणजे मी दरवर्षी ब्रश घेऊन ती चीर झाकत होतो."

"तुम्हाला माहीत नव्हतं, सर."

"आर्वीच्या मनगटाला काय सांगू, माहीत नव्हतं म्हणून?"

"साहेब म्हणाले, छिद्रापाशी थांबलं तरी चालेल," शलाका खालच्या आवाजात म्हणाली. "माझ्यावर आहे ते. तुमचं नाव आलं तर तीन वर्षं तुम्हाला आत पाऊल टाकता येणार नाही. तीन वर्षांनी तुम्ही..."

"अठ्ठ्याहत्तरीचा होईन. गणित येतं मला." ते उठले, गुडघ्यावर हात ठेवून. "माझं नाव लिही. ग्रिलवाल्यानं मी सांगितलं तेवढंच केलं. एकच कर. उज्ज्वलाचं नाव त्यात येऊ देऊ नकोस. कडी कुणी लावून घेतली एवढंच लिही."

"अहवालात तेवढंच विचारतात, सर. कुणासाठी, ते विचारायला रकानाच नाही."

"बरं झालं," सर म्हणाले. "चल आता."

"कुठे?"

"झोपलेल्याला उठवायला."

दस्तगीरचाचांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. सुनेनं दार उघडलं आणि नेहमीचं म्हणू लागली, "अब्बा झोपलेत..." तोवर सर तिला ओलांडून आत गेले होते. चाचा खाटेवर बसले होते, भिंतीकडे तोंड करून. हातांवर जुन्या ठिणग्यांचे पांढरे डाग.

"दस्तगीर, तुझा जोड तुटला नाही," सर उभ्यानंच म्हणाले. "माझी कडी तुटली. म्हणजे कडीमुळं तुटलं. मी त्या ग्रिलवाल्याकडून चिकटवून घेतली होती. चूक माझी आहे."

चाचा वळले. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग शलाकाकडे. "ही कोण?"

"बिरनाळ्यांची शलाका. चढायच्या आधी नमस्कार करायची ती."

"बेटा, खरं सांगतोय का हा? का मला बरं वाटावं म्हणून?"

शलाकानं टॅबलेट त्यांच्यापुढे धरला. जोडाचं मोठं केलेलं चित्र होतं. "हा तुमचा जोड, चाचा. चाळीस वर्षांनंतरचा. छिद्र आहे, पण चीर कुठे नाही. तुम्ही पाटा आधी तापवला होता आणि नंतर राखेत ठेवला होता."

"राखेत नाही. भुश्शात." चाचांनी चष्मा लावला आणि चित्रावरून बोट फिरवलं, प्रत्यक्ष लोखंडावरून फिरवावं तसं. एकदा, पुन्हा एकदा.  मग म्हणाले, "मास्तर, कडी मी बघितलेली."

"कधी?"

"गुलबर्ग्याहून आल्यावर. खंडेनवमीला बोलावलं होतंस. वहिनींनी हौसेनं दाखवली, भाईजान, बघा माझी सोय. मनात आलं, इथं नको होती ही. अशा जागी टाका मारत नाहीत. पण सणाचा दिवस, बाई एवढी खूश. म्हटलं, ब्येस आहे वहिनी." ते शलाकाकडे वळले. "तेव्हा माझंही नाव लिही. अर्धे टक्के माझे."

"अर्धे?" सर उसळले. "तू काय केलंस रे? नुसतं बघितलंस!"

"बघून गप बसलो, ते काय कमी?"

"एक टक्का मिळायचा नाही तुला."

"दहा तरी दे. माझं पण लोखंड आहे ते."

"अरे, मागतोयस काय, बत्तासे आहेत का?"

सून दारात येऊन उभी राहिली होती, पदर तोंडाला लावून. सासऱ्यांचा असा चढा आवाज तिनं दीड महिन्यांनी ऐकला होता.

शलाकानं दोघांना भांडू दिलं. यंत्रानं तिला सगळं सांगितलं होतं. भार, लय, उष्णता, चीर कुठून निघाली ते. या खोलीत चाललेलं मात्र त्याला कुठल्याही लोखंडात सापडलं नसतं. तिनं अहवालात नाव भरलं, रावसाहेब आरवाडे. टक्क्यांचा रकाना भरताना बोट जरा थांबलं, पण तोही भरला. खरं ते खरं. मग पाठवून दिला. सरांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी बंदीची सूचना वाचली, कागद घडी घालून ठेवावा तसा फोन परत खिशात ठेवला आणि पहिल्यांदाच खाटेच्या कडेला टेकले. ताठ पाठ थोडी वाकली.

"झालं," ते म्हणाले. "उद्यापासून मी घरी."

"पोरांना कोण बघणार?" चाचांनी विचारलं.

सरांनी शलाकाकडे पाहिलं नाही. तिनंच सांगितलं, "शनिवार-रविवार मी येईन. बाकीच्या दिवसांचं मोठ्या मुलींना विचारू. चढून कित्येक वर्षं झालीत, पण शिकवता येईल."

"भीती गेली का?" सर म्हणाले.

ती चमकली. इतकी वर्षं तिला वाटत होतं, ते फक्त तिला ठाऊक होतं, आणि आता त्या लोखंडाला.

"नाही सर."

"मग बरं शिकवशील."

चाचा खाली वाकून चपला शोधत होते. एक खाटेखाली गेली होती, ती काढायला सून पुढे झाली, तिला त्यांनी हातानं थांबवलं आणि स्वतःच काढली.

"कुठं निघालास?" सर म्हणाले.

"आधी त्या पोरीच्या घरी. माझ्याकडून एक राहिलंय सांगायचं, तुझ्याकडून एक." चाचा खांद्यावर रुमाल टाकत म्हणाले. "मग चहा. घरी बसायचं म्हणजे काय ते मला विचार, मास्तर. तुला नाही जमायचं ते. ऊठ."